मराठीतील दुहेरी ‘च’ व परभाषी विद्यार्थी

इंग्रजीभाषकास मराठी ‘च’चे दोन उच्चार ‘चर्च’ व ‘कॅट्स’ या दाखल्यांनी शिकविण्याची रीत अपुरी आहे. तीमुळे जिभेचे स्थान कळते. कोठे कोणता उच्चार, हे कळत नाही. इ, ए यांपूर्वी चवर्ग तालव्यच असतो. म्हणून ‘माझा’तील दन्ततालव्य ‘झ’ ‘माझी’त तालव्य होतो. स्वीडिशमध्येही अग्रस्वरांपूर्वी ‘क’ बहुधा तालव्य होतो. तेथे लेखनावरूनच उच्चार उमगतो. मराठीत मात्र अ, आ यांपूर्वी नियम सरतो : ‘चार’ तालव्य, ‘चारा’ दन्ततालव्य. छत्रपती संभाजीनगरातील दखनीभाषकास ‘ज’ व ‘ज़’ दोन्ही अवगत. तरी ‘जग’ म्हणजे विश्व की ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप, हे कळल्यावाचून त्यासही योग्य उच्चार साधत नाही. तात्पर्य, अडचण उच्चारेंद्रियांची नसून शब्दज्ञानाची आहे. शब्दागणिक उच्चारखूण न देणारा कोश परभाषिकास अर्धाच उपयोगी होय.