त्याला फोटो म्हणू नका

१० एप्रिल २०१९ ला एक नारिंगी कडं सगळ्या जगाच्या फोनवर येऊन पोचलं. मधे काळोख, भोवती धूसर उजेड, खालची बाजू जरा जास्त तेजस्वी. कुणाला त्यात डोनट दिसला, मला मेदूवडा. साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर, एम८७ नावाच्या दीर्घिकेच्या मध्यभागी बसलेलं, साडेसहा अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचं ते बिऱ्हाड. मथळा सगळीकडे सारखाच होता : 'कृष्णविवराचा पहिला फोटो'.

माझं भांडण या मथळ्यातल्या एका शब्दाशी आहे. 'कृष्णविवर' ठीक, 'पहिला' ठीक. 'फोटो' मात्र नाही.

याला शब्दांचा कीस म्हणून सोडून देऊ नका, कारण हाच शब्द आपण दवाखान्यातही वापरतो. 'छातीचा फोटो काढलाय.' 'डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला सांगितलाय.' फोटो म्हटलं की आपण गृहीत धरतो, समोर जे होतं ते जसंच्या तसं उतरलं. त्यात कुणाचं मत नाही, अंदाज नाही. छातीच्या एक्स-रेपुरतं हे बऱ्यापैकी खरंही आहे. १८९५ मध्ये राँटगेननी आपल्या बायकोच्या हाताचं जे चित्र घेतलं, ती हाडांची आणि अंगठीची सावली होती. किरण गेले, अडले, प्लेटवर छाप उमटली. संपलं.

सीटी स्कॅनचं तसं नाही. तिथे एक्स-रे शेकडो दिशांनी पाठवतात आणि दर वेळी किती अडले तेवढंच मोजतात. म्हणजे हाती येतात फक्त बेरजा. वर्तमानपत्रातल्या कोड्याची कल्पना करा : चौकटी रिकाम्या, पण प्रत्येक आडव्या, उभ्या आणि तिरक्या ओळीची बेरीज दिलेली. बेरजांवरून चौकटीतले आकडे ओळखायचे. डोक्याच्या आत काय आहे ते यंत्राला दिसत नाही, ते या बेरजांवरून गणिताने काढावं लागतं.

या गणिताचा प्रवास मजेशीर आहे. ऑस्ट्रियन गणितज्ञ योहान राडोन यांनी ते १९१७ मध्येच सोडवून ठेवलं होतं, रुग्णाचा विचारही मनात न आणता. ॲलन कॉरमॅकना ते माहीत नव्हतं. त्यांनी ते नव्याने मांडलं, १९६३-६४ मध्ये छापलं, आणि कुणी फारशी दखल घेतली नाही. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचं स्कॅन झालं ते १ ऑक्टोबर १९७१ ला, लंडनजवळच्या विंबल्डनमध्ये. १९७९ चं नोबेल या दोघांना मिळालं. पण मधल्या काळात हेच कोडं एका भलत्याच खात्यातला माणूस सोडवत होता. रॉन ब्रेसवेल हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्या दुर्बिणीला आकाश ठिपक्याठिपक्याने दिसत नसे, पट्ट्यापट्ट्यांच्या बेरजांनी दिसे. त्या बेरजांवरून आकाशाचं चित्र कसं काढायचं, हे त्यांनी १९५६ मध्ये लिहिलं. आणि १९७१ मध्ये आपल्याकडच्या जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी हे गणित खूप सोपं आणि वेगवान करणारी रीत दिली. पाठ्यपुस्तकांत ती आजही 'राम-लाक फिल्टर' या नावाने शिकवतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठात या ब्रेसवेल यांच्या हाताखाली पीएचडी केलेला एक विद्यार्थी म्हणजे गोविंद स्वरूप. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ, खोडदच्या शिवारात उभ्या असलेल्या जीएमआरटीचे जनक. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. पुण्याच्या लॅबमधलं सीटी मशीन आणि खोडदची दुर्बीण असे एकाच घराण्यातले आहेत. दोघांनाही थेट चित्र मिळत नाही. दोघांनाही मिळतात तुकडे, आणि चित्र मागाहून बांधावं लागतं.

आता त्या कड्याकडे येऊ. रेडिओ दुर्बिणींच्या अशा जाळ्यात प्रत्येक दोन दुर्बिणींची जोडी चित्राचा एकेक तुकडा देते. खोडदच्या ३० डिशच्या जोड्या होतात ४३५. कृष्णविवरासाठी पृथ्वीएवढं जाळं हवं होतं, आणि एप्रिल २०१७ मध्ये एम८७ कडे पाहणाऱ्या दुर्बिणी होत्या सात, त्याही पाचच ठिकाणी : चिली, मेक्सिको, स्पेन, ॲरिझोना, हवाई. पाच ठिकाणांच्या जोड्या दहा. पृथ्वी फिरते तशा त्या जोड्यांच्या जागा सरकतात आणि आणखी काही तुकडे मिळतात, तरी बहुतेक कोडं रिकामंच राहतं. अशा अर्धवट माहितीत एक नाही, असंख्य चित्रं बसू शकतात. मग त्यातलं हेच का निवडलं?

साहित्याच्या माणसाला हा प्रश्न ओळखीचा वाटायला हवा. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. मूळ पोथी कुणाकडेच नव्हती. होत्या त्या देशभरातून आलेल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या, शेकडो हस्तलिखित प्रती. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून एक संहिता बांधली. पण त्यांनी दोन गोष्टी केल्या, म्हणून ते काम मोठं. पानाच्या वरच्या भागात संहिता आणि खाली, बारीक टाइपात, नाकारलेले पाठ : कुठल्या प्रतीत काय वेगळं आहे. आणि जिथे त्यांची स्वतःचीच पूर्ण खात्री नव्हती, त्या शब्दांखाली त्यांनी एक नागमोडी रेघ छापली. वाचकाला सांगणारी, की इथे आम्ही ठरवलंय, पण तू जपून वाच.

माझी तक्रार आता नेमकी सांगता येते. जगाला ते नारिंगी कडं मिळालं ते तळटीपांशिवाय आणि नागमोडी रेघेशिवाय. नारिंगी रंगसुद्धा निवडलेला आहे. दुर्बिणींनी टिपल्या त्या १.३ मिलिमीटरच्या रेडिओलहरी, आणि त्यांना डोळ्यांना दिसणारा रंग नसतो.

गंमत अशी की तळटीपा लिहिल्या गेल्या होत्या, आणि काय सुंदर लिहिल्या होत्या! त्या दिवशी चित्रासोबत सहा शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्यातला चौथा फक्त चित्र कसं बांधलं यावर आहे. मी तो एखादी कादंबरी वाचावी तसा वाचला, आणि माझ्या मते त्या दिवशीची खरी कलाकृती तोच आहे. दोनशेहून अधिक लोकांना एकच भीती आहे : आपल्याला जे बघायचंय तेच आपण बघू. शंभर वर्षांपूर्वीच्या सिद्धांताने सांगितलंय की कडं दिसेल, म्हणून सगळ्यांना कडंच दिसलं तर? या भीतीवर त्यांनी काढलेला उपाय असा. चार गट केले. दोन गटांनी जुन्या वळणाची रीत वापरली, दोघांनी नवी. एकमेकांशी या विषयावर बोलायचं नाही, आपापलं चित्र कुणाला दाखवायचं नाही. काही आठवड्यांनी सगळे एकत्र आले, तेव्हा चारही पडद्यांवर कडं होतं.

तिथेच थांबले असते तर ती सिनेमाची गोष्ट झाली असती. ते थांबले नाहीत. त्यांनी मुद्दाम खोटं आकाश तयार केलं : कडं, चंद्रकोर, मधे भोक नसलेली तबकडी आणि दोन वेगळे ठिपके. मग त्याच पाच ठिकाणांहून हे कसं दिसेल त्याचा डेटा बनवला आणि आपल्या रीतींना तो सोडवायला दिला. तबकडीचं कडं करणारी रीत बाद. या चाळणीतून उरलेल्या तीन रीतींच्या चित्रांची सरासरी, तीही मुद्दाम थोडी धूसर केलेली, म्हणजे आपल्या फोनवर आलेलं चित्र. ती धूसरता कॅमेऱ्याचा दोष नव्हता. ज्याची खात्री नाही ते न दाखवण्याची ती शिस्त होती. नागमोडी रेघच म्हणा ना.

माध्यमांनी यातलं काय उचललं? केटी बौमन या तरुण संशोधिकेचा लॅपटॉपसमोरचा आनंदी चेहरा. एका मुलीने कृष्णविवराचा फोटो काढला, अशी गोष्ट झाली. हे मोठ्या गटाचं काम आहे असं तिने स्वतः लगेच सांगितलं, तरी आधी देव्हारा आणि मागोमाग ट्रोलांची धाड हे व्हायचं ते झालंच. फोटो म्हटला की फोटोग्राफर लागतो. चुकीच्या शब्दाने चुकीची गोष्ट जन्माला घातली, ती अशी.

चौथ्या निबंधावर माझाही एक आक्षेप आहे. चाळणीसाठी निवडलेले खोट्या आकाशाचे नमुने त्यांनीच निवडले होते. परीक्षा कडक होती, पण प्रश्नपत्रिका घरचीच. २०२२ मध्ये जपानच्या मियोशी आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा घेऊन वेगळं चित्र काढलं. त्यांच्या मते कडं हे दुर्बिणींच्या विरळ जाळ्यामुळे उमटलेलं आहे. मूळ गटाने हे खोडून काढलं, आणि इतर स्वतंत्र अभ्यासकांना त्याच डेटातून कडंच मिळालं. माझा कल कड्याकडे आहे. पण महत्त्वाचं हे, की डेटा उघडा ठेवला होता म्हणून भांडता आलं. फोटोशी असं भांडता येत नाही, पाठभेदाशी येतं.

हे सगळं दूरच्या दीर्घिकेपुरतं असतं तर मी एवढा जीव आटवला नसता. पण एमआरआयचं गणितही खोडदच्या गणिताचं सख्खं भावंड आहे. मशीनमध्ये माणूस बराच वेळ न हलता पडून राहतो, कारण तुकडे गोळा करायला वेळ लागतो. मग थोडे तुकडे घेऊन उरलेले एआयने भरले तर? न्यूयॉर्क विद्यापीठात यावर काम झालं, आणि गुडघ्याच्या अशा झटपट एमआरआयवरून रेडिओलॉजिस्टांचं निदान बदलत नाही असं २०२० मध्ये दिसलं. लहान मुलांसाठी, वेदनेत असलेल्यांसाठी ही मोठीच सोय. त्याच वर्षी केंब्रिज आणि ऑस्लोच्या गणितज्ञांचा सहभाग असलेल्या एका गटाने दुसरी बाजू दाखवली : डेटात डोळ्याला कळणारही नाही इतका बदल केला तरी अशा काही एआय रीतींचं चित्र बिघडतं, आणि छोटीशी गाठ असेल तर ती पुसलीही जाऊ शकते. पुसलेल्या जागी भोक दिसत नाही. तिथे गुळगुळीत, निरोगी दिसणारा भाग असतो. पूर्वीच्या वाईट चित्राला आपण वाईट आहोत हे चेहऱ्यावर लपवता येत नसे. नव्याला येतं.

कृष्णविवराचंही २०२३ मध्ये असं एक 'सुधारित' चित्र आलं. सिद्धांतावरून संगणकात बनवलेली तीस हजारांहून अधिक कृष्णविवरं दाखवून शिकवलेल्या प्रणालीने रिकाम्या जागा भरल्या, आणि कडं बारीक, रेखीव झालं. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याने आयुष्यभर कडीच पाहिली, त्याला कडं दिसलं याचं वजन किती धरायचं, हे मात्र विचारावंच लागतं. लोकांना ते जुन्यापेक्षा आवडलं. रात्रीच्या अंधारात अनेक फ्रेम जोडून लख्ख फोटो देणाऱ्या फोनने आपल्या डोळ्यांना हीच सवय लावली आहे : स्पष्ट म्हणजे खरं.

म्हणून मला आपल्याकडच्या रेडिओलॉजी रिपोर्टची भाषा जवळची वाटते. एका नातेवाइकाचे रिपोर्ट काही महिने मी वाचत होते, म्हणून सांगते. 'असण्याची शक्यता', 'नाकारता येत नाही', आणि शेवटी ते पेटंट वाक्य : 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली'. घरात सगळे वैतागायचे. एवढे पैसे भरले, फोटो काढला, मग नक्की काय ते सांगा ना! पण ते वाक्य म्हणजे अंग काढून घेणं नाही. चित्र बांधणारा सांगतो आहे, की हा माझा पाठ, आता पेशंटला हात लावून बघणाऱ्याने तो त्याच्या पाठाशी ताडून बघावा. ती रुग्णाच्या कागदावरची नागमोडी रेघ आहे. ती वाचायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि फोटो या शब्दाने तर ती दिसेनाशीच केली आहे.

जानेवारी २०२४ मध्ये एम८७ चं आणखी एक चित्र प्रसिद्ध झालं. २०१८ च्या निरीक्षणांचं, म्हणजे पहिल्यानंतर वर्षभराने केलेल्या. जाळ्यात ग्रीनलंडची नवी दुर्बीणही होती. कड्याचा आकार तोच आला. तेजस्वी भाग मात्र सुमारे ३० अंशांनी सरकला होता, म्हणजे भोवतीचा वायू खळबळत होता. मला हे चित्र कुणीही फॉरवर्ड केलं नाही. पहिल्यासारखाच आणखी एक मेदूवडा, त्यात काय बघायचं? पण पहिल्या चित्रात जेवढं मानून चालावं लागलं होतं, त्यातलं बरंचसं या दुसऱ्याने कमावलं. डॉक्टर जेव्हा म्हणतात, 'तीन महिन्यांनी परत काढू, मग बघू', तेव्हा ते याच दुसऱ्या चित्राची वाट बघत असतात.