टाकाऊपासून इंधन : दावा आणि हिशेब

शाळांच्या विज्ञान-प्रदर्शनात टाकाऊ पदार्थांपासून इंधन करण्याचा एखादा प्रकल्प हमखास असतो. इंधन पेटते हे मुले दाखवतात. किती उष्णता मिळाली आणि त्या पदार्थाचे आधी काय होत होते, हे मात्र त्यांना सहसा कोणी विचारत नाही. या दोन प्रश्नांच्या कसोटीवर चांगले, नावाजलेले कामही घासून पाहायला हवे असे आम्हाला वाटते.

असे एक काम पुण्याच्या 'आरती' या संस्थेचे. डॉ. आनंद कर्वे हे तिचे संस्थापक. तिच्या छोट्या बायोगॅस संयंत्राला २००६ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार अगदी बिनतोड आहे. शेण म्हणजे गाईने आधीच पचवून उरलेला चोथा. त्यात ऊर्जा कितीशी राहणार? त्यापेक्षा जिवाणूंना थेट पिष्टमय किंवा साखरयुक्त अन्नच द्यावे. दावा असा, की अशा दोन किलो पदार्थापासून चोवीस तासांत सुमारे ५०० ग्रॅम मिथेन मिळतो, आणि तेवढ्यासाठी शेण ४० किलो लागते.

हा दावा दहावीच्या मुलांना तपासता येतो. पिष्टाच्या एका घटकाचे वस्तुमान १६२. एक पाण्याचा रेणू घेऊन त्यापासून मिथेनचे तीन रेणू, म्हणजे ४८, मिळतात. म्हणजे दोन किलो शुद्ध कोरड्या पिष्टापासून फार तर ५९२ ग्रॅम. पाचशेचा आकडा अशक्य नाही, पण तो पिठाचा आहे. शिजलेल्या भातात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. दोन किलो शिळ्या भातापासून अगदी आदर्श स्थितीतही पावणेदोनशे ग्रॅमच्या वर मिथेन निघायचा नाही. पीठ आणि खरकटे एकाच ओळीत बसवले की घोटाळा होतो तो इथे.

आता हे सारे वराळे गावात नेऊन पाहू. तळेगाव दाभाड्याजवळचे, भातशेतीच्या मावळातले हे गाव. आपल्याकडे थंडीत घर तापवत नाहीत. तापते ते अंघोळीचे पाणी, चुलीवर नाहीतर बंबात. वीस लिटरची बादली पंचवीस अंशांनी तापवायला २.१ मेगाज्यूल लागतात. शेगडीत निम्मी उष्णता वाया जाते असे धरले, तर पाचशे ग्रॅम मिथेनवर सहा बादल्या पाणी तापेल आणि पावणेदोनशे ग्रॅमवर दोन.

पण शेतकऱ्याच्या घरी रोज दोन किलो भात उरतो कुठे? उरलाच तर तो गोठ्यात किंवा कोंबड्यांपुढे जातो. पेंढा गुरांचा, शेण-पालापाचोळा राब भाजायला. ज्याला आपण टाकाऊ म्हणतो त्याचे गिऱ्हाईक आधीच ठरलेले असते. हेच संयंत्र वसतिगृहाच्या खानावळीमागे ठेवा, चित्र पालटते. तिथे खरकटे खरोखरच टाकाऊ असते आणि वाहून नेण्याचा खर्चही वाचतो. घरोघरीचे साधन म्हणून नव्हे, तर खानावळीचे साधन म्हणून आम्ही ते उचलून धरू. (शेणाचे विरजण लावून ते सुरू व्हायला काही आठवडे जातात, हेही आधीच सांगावे. चोवीस तास त्यानंतरचे.)

याच संस्थेला २००२ साली उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यासाठी हाच पुरस्कार मिळाला होता. तिथे आमची तक्रार कमी आहे. शेतात काडी लावून पेटवून दिलेल्या पाचटातून चुलीला काहीच मिळत नव्हते. कोळसा करताना निम्मी ऊर्जा गेली तरी निम्मी हाती येते. मात्र जो शेतकरी पाचट सऱ्यांत आच्छादन म्हणून ठेवतो, त्याच्याकडून ते मागू नये.

शिक्षकांनी एवढे करावे : प्रकल्प करणाऱ्या मुलांना आठवडाभर घरचे खरकटे तोलायला सांगावे, नंतर उन्हात कडक वाळवून पुन्हा तोलायला सांगावे, आणि ते एरवी कोण खाते ते तिसऱ्या रकान्यात लिहून घ्यावे.