उजवा पाय, डावा पाय

जुन्या मोटारसायकलींची अदलाबदल म्हणजे स्थळ बघण्यातलाच प्रकार. दोन्हीकडची मंडळी खोटं बोलतात आणि दोघांनाही ते ठाऊक असतं.

माझ्याकडे 1987 सालची येझदी रोडकिंग. कामतघरच्या एका सायझिंगवाल्या शेठजींकडे 1990 सालची बुलेट. एके दिवशी ते म्हणाले, "मास्तर, बदलून टाकू. वर एक पैसा नको." भिवंडीत कुणी 'वर पैसा नको' म्हणालं की शहाण्याने आधी आपला खिसा चाचपावा. मी चाचपला. त्यात नाही तरी काही नव्हतंच, म्हणून विचार करायला हरकत नव्हती.

येझदी म्हैसूरची. तो कारखाना 1996 मध्ये मिटला. 2022 मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आलं, पण गाडी सर्वस्वी निराळी. माझी जुन्या वाणाची. पोटात सिलिंडर एकच, सायलेन्सर मात्र दोन! असा थाट मी फक्त लग्नातल्या वरबापाचा पाहिला आहे. त्याउलट किकचा दांडाच मुडपला की गियरचा दांडा होतो. ही काटकसर माझ्यातल्या मध्यमवर्गीयाला फार भावते.

बुलेट मद्रासची, 1955 पासूनचं घराणं. तिला सुरू करणं म्हणजे षोडशोपचार पूजा. किक हळूहळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेशनची कळ ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, कळ सोडायची आणि मग मनोभावे लाथ मारायची. विधी चुकला तर तीच लाथ प्रसाद म्हणून परत मिळते. सुरू झाल्यावरचा तो धीरगंभीर ठेका अप्रतिम, यात वादच नाही. पण भिवंडीत यंत्रमागांच्या खटखटाटात तो ऐकणार कोण?

खरा प्रश्न कसारा घाटाचा होता. सौ.चं माहेर नाशिक. येताना घाट उतरावा लागतो. येझदी पडली टू-स्ट्रोक. थ्रॉटल मिटलं तरी इंजिन गाडीला फारसं धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. बुलेट खालच्या गियरात टाकली की इंजिनच तिला मागे ओढतं. मागे सौ. आणि पुढे ट्रकची रांग असली की या एका गुणापुढे बाकीचं परीक्षण लटकं पडतं. मी मनातून होकार देऊन टाकला होता.

शेठजी म्हणाले, "एक चक्कर मारून या."

आता, येझदीचा गियर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या. या जुन्या बुलेटचं नेमकं उलट. हे मला माहीत होतं. पायाला माहीत नव्हतं! धामणकर नाक्याशी गल्लीतून बीम लादलेली हातगाडी आडवी आली आणि तीस वर्षांच्या सवयीने मी उजवा पाय दाबला. या बुलेटला तिथे दाबलं की वरचा गियर पडतो. गाडी थांबायच्या ऐवजी खुशीत पुढे निघाली. हाताचा ब्रेक आवळला म्हणून हातगाडीवाला आणि मी यांच्यात वीतभर अंतर उरलं. तो जे बोलला त्यात माझ्या मास्तरकीचा उल्लेख नव्हता, एवढंच समाधान.

मिस्त्रीला विचारलं, "पाय किती दिवसांत शिकेल?" तो म्हणाला, "तुमचं वय काय?" मी विषय बदलला. तो म्हणाला, "दोन्ही सोडा, स्कूटर घ्या. दोन्ही ब्रेक हाताला." मी त्याला फक्त येझदीचे ब्रेकलायनर बदलायला सांगितलं आणि बुलेट परत केली. शेठजी हिरमुसले, बहुधा त्यांचाही पाय शिकत नसावा.

हल्ली नाशिकला जाताना सौ. मागे बसते. येताना मात्र इगतपुरीला उतरते, मिळेल त्या रेल्वेने कसाऱ्याला येते आणि मी पोचेपर्यंत स्टेशनबाहेर भज्यांची पुडी अर्धी संपवून उभी असते.