आवाज उतरला खरा, पण कशामुळे?

संशोधनाच्या तयारीत असाल तर आज एका आडवाटेच्या विषयाकडे बघा: घरी बांधलेल्या विमानातल्या रोटरी इंजिनाचा आवाज. अमेरिकेत माणूस आपल्या गॅरेजमध्ये विमान बांधून ते कायदेशीरपणे उडवू शकतो. मुख्य अट ही, की कामाचा मोठा भाग त्याने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेखातर केलेला असावा. अशातले काही जण विमानासाठी बनलेलं महागडं इंजिन न घेता माझदाच्या आरएक्स-७ मोटारीतलं १३बी हे रोटरी इंजिन बसवतात. (पहिल्या महायुद्धातल्या विमानांत सिलिंडरसकट गरगरणारी इंजिनं असत, त्यांनाही रोटरीच म्हणत. ती वेगळी. इथे विषय फेलिक्स वांकेलच्या इंजिनाचा आहे.) हे इंजिन आटोपशीर असतं, त्यात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. आवाज मात्र कान फोडणारा.

म्हणून ही मंडळी सायलेन्सर बनवतात आणि 'माझ्याकडे दहा डेसिबल कमी झाले' अशा नोंदी लिहितात. दुसरीकडे आपण विद्यापीठातले लोक सायलेन्सरवर पेपर लिहितो. दोन्ही प्रकारचं लिखाण परीक्षकाच्या नजरेने वाचलं, तर माझं मत असं झालंय: हौशी बांधणाऱ्यांची धातूकाम आणि उष्णतेबद्दलची निरीक्षणं भरवशाची आहेत, पण त्यांचे डेसिबलचे आकडे बहुतेक वेळा काहीच सिद्ध करत नाहीत. आपल्या पेपरांचं नेमकं उलट आहे. कसं ते सांगते.

आधी इंजिन समजून घ्या

१३बी मध्ये दोन रोटर असतात, प्रत्येकी ६५४ सीसीचे. मुख्य शाफ्टच्या दर फेरीला प्रत्येक रोटर एकदा धूर बाहेर सोडतो. म्हणजे फेरीला दोन ठोके. शाफ्ट मिनिटाला ६००० फेऱ्या मारत असेल तर सेकंदाला १०० फेऱ्या, म्हणजे २०० ठोके. मूळ सूर २०० हर्ट्झचा. विमानाचं नेहमीचं चार सिलिंडरचं इंजिनही फेरीला दोनच ठोके देतं, पण ते २७०० फेऱ्यांवर चालतं, म्हणून त्याचा सूर ९० हर्ट्झवर येतो.

दुसरी गोष्ट, धूर बाहेर पडायची वाट. पिस्टन इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो. १३बी मध्ये रोटरच्या घराच्या बाहेरच्या भिंतीतच उघडं पोर्ट असतं. रोटरचं टोक त्यावरून सरकलं, की दाबाखालचा वायू एकदम सुटतो. दाबाचा चढ असा कड्यासारखा उभा असला की मूळ सुराच्या पटीतले ४००, ६००, ८०० हर्ट्झचे सूरही जोरात उमटतात. (२००३ च्या आरएक्स-८ मध्ये माझदाने हे पोर्ट बाजूच्या भिंतीत नेलं. त्यामुळे एकाने आरएक्स-७ चं आणि दुसऱ्याने आरएक्स-८ चं इंजिन वापरलं असेल, तर त्यांच्या सायलेन्सरांची थेट तुलना करू नका.)

तिसरी गोष्ट, उष्णता. पोर्टमधून निघणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. मोटारीत त्याला काही मीटर लांब नळी मिळते, वाटेत तो निवतो. विमानात नळीला मीटर-दीड मीटरच जागा असते.

एका आकड्याची गोष्ट

आता 'दहा डेसिबल कमी झाले' हे वाक्य घ्या. पहिला प्रश्न: बाकी सगळं तसंच होतं का? सायलेन्सरमुळे धुराला अडथळा झाला, तर इंजिनाची ताकद घटते. प्रोपेलरच्या पात्यांचा कोन बदलता येत नसेल, तर फेऱ्याही घटतात. दहा टक्के ताकद गेली, तर ६००० च्या साधारण ५८०० होतात. प्रोपेलरचा आवाज पात्याच्या टोकाच्या वेगाबरोबर झपाट्याने वाढतो किंवा उतरतो. मग उतरलेल्या आवाजातला सायलेन्सरचा वाटा किती आणि मंदावलेल्या प्रोपेलरचा किती? नोंदीत फेऱ्या आणि मॅनिफोल्डचा दाब दिलेला नसेल, तर हे कोणीही सांगू शकणार नाही.

दुसरा प्रश्न याच्या उलट दिशेचा आहे. समजा धुराचा आवाज ९० डेसिबल आणि प्रोपेलरचा ८०. एकत्र मोजले तर ९०.४ येतात. आता सायलेन्सरने धुराचा आवाज तब्बल २० डेसिबलने उतरवला, म्हणजे ७० वर आणला. एकूण होतो ८०.४. मीटर म्हणेल, दहाच कमी झाले. यापुढे कितीही भारी सायलेन्सर लावा, मीटर जागचा हलणार नाही. तेव्हा 'दहा डेसिबल' या आकड्यात सायलेन्सरला फुकटचं श्रेय मिळालेलं असू शकतं, तसंच त्याच्यावर अन्यायही झालेला असू शकतो. आकडा तोच!

तिसरा प्रश्न मीटरच्या सेटिंगचा. बहुतेक मीटर 'ए' भारांकनावर ठेवलेले असतात. हे भारांकन माणसाच्या कानासारखं खालच्या सुरांना कमी मोजतं: २०० हर्ट्झला सुमारे ११ डेसिबल वजा, ९० हर्ट्झला सुमारे २१. म्हणजे दोन इंजिनांचा मूळ सूर हवेत तेवढ्याच दाबाचा असला, तरी रोटरी मीटरवर दहाएक डेसिबलने मोठं दिसणार. 'रोटरी मुळातच जास्त गोंगाटी' या समजात या फरकाचा किती वाटा आहे, हे भारांकन न सांगता केलेल्या तुलनेतून कधीच कळत नाही.

गरम वायू आणि चुकलेली लांबी

सायलेन्सरची सगळ्यात साधी रचना म्हणजे नळीच्या मध्ये एक रुंद पेटी. नाकाने, म्हणजे नासाच्या आधीच्या अमेरिकी संस्थेने, १९५४ च्या ११९२ क्रमांकाच्या अहवालात या रचनेचं गणित आणि मोजमापं दोन्ही दिली आहेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक मुंजाल यांचं 'अकूस्टिक्स ऑफ डक्ट्स अँड मफलर्स' हे १९८७ चं पुस्तक जगभर वापरलं जातं. ते जरूर वाचा.

पेटीची लांबी सुराच्या तरंगलांबीच्या चौथाईइतकी ठेवली, की तो सूर सर्वात जास्त अडतो. पण तरंगलांबी ठरवायला ध्वनीचा वेग लागतो, आणि तो वायूच्या निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. खोलीतल्या हवेत ३४३ मीटर प्रति सेकंद, ९०० अंशांच्या धुरात ६७० च्या आसपास. म्हणजे २०० हर्ट्झसाठी पेटी ८४ सेंटीमीटर हवी. खोलीतला वेग धरून काढलीत, तर ४३ येते आणि पेटी सुमारे ४०० हर्ट्झसाठी बनते.

बरं, ८४ ची बनवली तरी गंमत संपत नाही. पेटीचा छेद नळीच्या नऊपट असेल, तर २०० हर्ट्झला साधारण १३ डेसिबल अडतात. ४०० ला? शून्य. तिथे पेटीची लांबी बरोबर अर्धी तरंगलांबी होते आणि सूर जसाच्या तसा पार जातो. रोटरीत ४०० चा सूर दमदार असतो, म्हणजे नेमक्या नको त्या जागी भोक. त्यावर उपाय आहे. आत येणारी नळी पेटीच्या निम्म्या लांबीपर्यंत आत घुसवली, की ही उणीव भरून निघते. घरच्या वेल्डिंगनेही हे जमण्यासारखं आहे.

आपल्या पेपरांचं काय?

आपल्याकडे गणित पक्कं असतं. पण मोजमाप बहुधा खोलीच्या तापमानाला, लाउडस्पीकर लावून आणि वायूचा प्रवाह नसताना होतं. आलेख छान येतो. मात्र रोटरीच्या पोर्टजवळ दाबाचे धक्के इतके मोठे असतात, की लहान तरंगांसाठीचं रेषीय गणित तिथे ताणलं जातं. शिवाय तो सायलेन्सर पन्नास तास टिकेल का, या प्रश्नाला पेपरात जागाच नसते. हौशी माणसाला ती सूट नाही. आतलं काचतंतूंचं भरण वितळून किंवा उडून गेलेलं, पडद्यांचे पत्रे तडकलेले, साधं स्टेनलेस स्टील मऊ पडल्यावर इन्कोनेलकडे वळावं लागलेलं, हे तो फोटोसकट लिहितो. मी त्या नोंदींना पुरावा मानते, कारण तिथे काय झालं हे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

मग चांगला प्रयोग कसा असेल?

रोटरीला इथे एक फायदा आहे, त्याचा उपयोग फारसा कोणी करत नाही. नेहमीच्या इंजिनात दोन पात्यांचा प्रोपेलर थेट शाफ्टवर असतो. त्यामुळे धुराचे ठोके ९० हर्ट्झवर आणि पात्यांचेही ९० वरच. दोन्ही एकमेकांत मिसळलेले. रोटरीत मध्ये गिअर लागतो. तो २.८५ ला १ असेल, तर ६००० फेऱ्यांवर प्रोपेलर २१०५ फेऱ्या फिरतो आणि पात्यांचा सूर ७० हर्ट्झवर पडतो. त्याची तिसरी पट २१० वर, धुराचा सूर २०० वर. दोघांत दहा हर्ट्झचं अंतर. काही सेकंदांचं ध्वनिमुद्रण केलं, तरी वर्णपटात ती दोन शिखरं वेगळी दिसतात. विमान जमिनीवर बांधून ठेवा, मायक्रोफोन हलवू नका, फेऱ्या आणि मॅनिफोल्डचा दाब दर वेळी तेच ठेवा. आधी सायलेन्सरशिवाय, मग सायलेन्सरसह, पुन्हा सायलेन्सरशिवाय मोजा. तिसरं मोजमाप पहिल्याशी जुळलं नाही, तर मधल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. २०० चं शिखर किती उतरलं, ४०० चं किती आणि ७० चं जागेवर राहिलं का, हे तीन आकडे एका 'दहा डेसिबल'पेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

हे सगळं एकत्र जुळवलं तर काय होतं, याचं उदाहरण जुनंच आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी लॉकहीडने क्यू-स्टार या प्रायोगिक विमानात कर्टिस-राइटचं वांकेल इंजिन बसवलं. विमान शांत करायचं, हाच उद्देश होता. त्यांनी सायलेन्सर तर लावलाच, पण प्रोपेलरही संथ फिरणारा घेतला. एकाच भागावर सगळी मेहनत ओतली नाही.

तुमच्या विषयात सायलेन्सर नसेल. एखादा उत्प्रेरक असेल, औषधाचा रेणू असेल, नाहीतर अल्गोरिदम. पुढच्या पेपरात 'इतके टक्के सुधारणा' असं वाचाल, तेव्हा शेजारी पेन्सिलीने दोनच प्रश्न लिहा: सोबत आणखी काय बदललं? आणि दुसरा एखादा स्रोत या आकड्याला झाकतोय का? उत्तरं पेपरात सापडली नाहीत, तर कदाचित तुमच्या पहिल्या प्रयोगाची जागा तीच असेल.