वर्षावासातील ग्रंथपठण : श्रवणाच्या पुढची पायरी

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या तीन महिन्यांत महाराष्ट्रातील असंख्य वस्त्यांतून, विहारांतून आणि घरांतून परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्रिसरण-पंचशील झाल्यावर एक जण वाचतो, इतर ऐकतात, धम्मपालन गाथेने सांगता होते. तीन महिन्यांनी ग्रंथ पूर्ण होतो, समारोपाला खीरदान होते आणि ग्रंथ पुढील आषाढापर्यंत कपाटात जातो. ज्या समाजाला शतकानुशतके ग्रंथ हाती धरण्याची मुभा नव्हती, त्या समाजाने कोणत्याही पुरोहिताविना, स्वतःच्या खर्चाने आणि श्रमाने ही परंपरा उभी केली. अक्षरओळख नसलेल्या कितीतरी माता-भगिनींना तथागतांचे चरित्र मुखोद्गत झाले ते याच वाचनातून. या कार्याचे मोल प्रथमच मान्य केले पाहिजे.

तथापि एखादी परंपरा आपली आहे म्हणूनच तिची चिकित्सा आपण करावयास हवी. प्रस्तुत लेखाचा प्रश्न असा : या वाचनाने गृहस्थ उपासकाचा अभ्यास होतो काय? की आपल्या भोवतालच्या समाजात ज्याला पारायण म्हणतात, त्याच्याच जवळ आपण नकळत जाऊन पोहोचलो आहोत? पारायणात ग्रंथ ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणे हेच पुण्य मानले जाते. मध्येच थांबून प्रश्न विचारणे त्यात बसत नाही. आपल्या वर्षावासातही आज किती पाने झाली, पौर्णिमेपर्यंत ग्रंथ संपेल ना, हीच काळजी अनेकदा प्रधान असते.

ग्रंथाची घडण मात्र अगदी वेगळी आहे. १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली? चार आर्यसत्ये ही बुद्धाची मूळ शिकवण आहे काय? आत्मा नाकारल्यावर कर्म आणि पुनर्जन्म यांची संगती कशी लावावयाची? भिक्खू निर्माण करण्यात तथागतांचा हेतू कोणता होता? वाचकांनी या प्रश्नांच्या उत्तरात भर घालावी, अशी अपेक्षाही त्यांनी व्यक्त केली आहे. ज्या ग्रंथाचा आरंभच प्रश्नांनी होतो, तो प्रश्नाविना वाचून संपविणे हे ग्रंथकर्त्याच्या हेतूशी विसंगत आहे. पुष्कळ ठिकाणी वाचनाला सुरुवात पहिल्या खंडापासून होते आणि प्रस्तावना वगळली जाते. म्हणजे ज्या पानांवर ग्रंथ वाचण्याची किल्ली ठेवली आहे, तीच पाने आपण उलटून पुढे जातो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. पहिल्या खंडात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला तंटा येतो. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, संघाचे बहुमत त्याच्याविरुद्ध जाते आणि तो परिव्रज्या पत्करतो. श्रोते हे भक्तिभावाने ऐकतात. परंतु म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाची रूढ कथा बाबासाहेबांनी येथे जाणीवपूर्वक बाजूला सारली आहे, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला या प्रकरणातील युक्तिवाद कळतच नाही. त्याच्या लेखी ती आणखी एक कथा ठरते.

आता हेच प्रकरण पालि निकायांच्या सोबतीने वाचून पाहा. चार दृश्यांची कथा निकायात सापडते ती दीघनिकायाच्या महापदानसुत्तात, आणि तीही गौतमाची म्हणून येत नाही. ती विपस्सी नामक पूर्वबुद्धाची कथा आहे. गौतमाच्या स्वतःच्या तोंडी अंगुत्तरनिकायातील सुखुमालसुत्तात जरा, व्याधी आणि मरण यांचे चिंतन आहे. त्यात रथ नाही, सारथी नाही. मज्झिमनिकायाच्या अरियपरियेसनसुत्तात तरुण बोधिसत्त्व रडणाऱ्या मातापित्यांच्या देखत घर सोडतो, मध्यरात्री गुपचूप नाही. सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्तात शस्त्रधारणेतून निर्माण होणारे भय आणि परस्परांशी झगडणारी माणसे पाहून आलेला संवेग वर्णिला आहे. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात गृहत्यागाच्या कारणांची चर्चा करताना या सुत्ताकडे लक्ष वेधले होते. एवढी चार सुत्ते शेजारी ठेवली की बाबासाहेबांच्या प्रतिपादनाचे बळ दिसू लागते.

त्याचबरोबर एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवावी लागते. रोहिणीच्या पाण्याचा तंटा अट्ठकथांत येतो तो संबोधीनंतरचा प्रसंग म्हणून. तेथे तो स्वतः भगवान बुद्धच मिटवितात. त्याला गृहत्यागाचे कारण मानणे आणि संघातील मतदानाचा प्रसंग रचणे ही बाबासाहेबांची स्वतंत्र मांडणी आहे. असे म्हटल्याने ग्रंथाला उणेपणा येतो, असे काहींना वाटते. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. उपलब्ध साधनांतून संगत व विवेकाला पटणारा अर्थ लावणे हे विद्वानाचे कर्तव्यच असते आणि बाबासाहेबांनी ते प्रश्न उघड ठेवून केले आहे. मज्झिमनिकायातील वीमंसकसुत्तात तथागत स्वतःचीच परीक्षा करण्यास भिक्खूंना सांगतात. ज्या शास्त्याने स्वतःला परीक्षेपासून वगळले नाही, त्याच्यावरील ग्रंथ परीक्षेने मलिन कसा होईल?

मूळ साधने मिळत नाहीत, ही सबब आता चालणार नाही. भदंत आनंद कौसल्यायन यांनी या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना मूळ आधार शोधण्याचे परिश्रम घेतले. महाराष्ट्र शासनाने हा ग्रंथ ११ वा खंड म्हणून १९९२ मध्ये प्रकाशित केला आणि पुढे त्याच्या पालि व इतर आधारांची पुरवणीही निघाली. उणीव राहते ती हे आधार घरच्या वाचनापर्यंत नेण्याची.

गृहस्थाने एवढ्या खोलात जावे काय, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर पालि साहित्यातच आहे. अंगुत्तरनिकायात महानाम शाक्य विचारतो की, उपासक स्वतःच्या आणि इतरांच्याही हितासाठी वागतो असे केव्हा म्हणावे. भगवंत आठ गोष्टी सांगतात : श्रद्धा, शील, त्याग, भिक्खूंच्या दर्शनाची इच्छा, सद्धम्म ऐकण्याची इच्छा, ऐकलेल्याचे धारण, धारण केलेल्याच्या अर्थाची परीक्षा आणि अर्थ जाणून धम्मानुसार आचरण. या आठही गोष्टी स्वतः करून इतरांनाही त्यांत प्रवृत्त करावयाचे असते. या मापाने पाहिले तर आपले वर्षावासाचे वाचन पाचव्या पायरीवर, म्हणजे श्रवणावर, थांबते. धारण, अर्थपरीक्षा आणि आचरण या तीन पायऱ्या मोकळ्याच राहतात.

सम्राट अशोकानेही हेच जाणले होते. बैराटजवळ सापडलेल्या भाब्रू लेखात त्याने सात धम्मपर्यायांची नावे दिली आहेत आणि ते भिक्खू-भिक्खुणींप्रमाणेच उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावेत व मनात धारण करावेत, अशी इच्छा प्रकट केली आहे. गृहस्थांचाही समावेश असलेली अशी पाठ्यसूची या भूमीवर बावीसशे वर्षांपूर्वी शिळेवर कोरली गेली. तीतही श्रवणापाशी थांबलेले नाही.

अभ्यास हा शिकलेल्यांचा, सवडीचा उद्योग आहे, हा आक्षेप तर खुज्जुत्तरेने कधीच खोडून काढला आहे. ती कौशांबीच्या राजवाड्यातील दासी होती. अट्ठकथेनुसार राणी सामावतीला बाहेर जाता येत नव्हते. खुज्जुत्तरा धम्म ऐकून येई आणि राजवाड्यातील स्त्रियांना तो जसाच्या तसा सांगे. तिला उच्च आसनावर बसवून राणी खाली बसे. बहुश्रुत उपासिकांमध्ये भगवंतांनी अग्रस्थान दिले ते या दासीला. उलट, अनाथपिंडिकाची कथा मनाला चटका लावते. मरणशय्येवर सारिपुत्ताचा गंभीर उपदेश ऐकून त्याच्या डोळ्यांत अश्रू आले. इतकी वर्षे शास्त्याच्या सान्निध्यात राहूनही असा उपदेश आपण ऐकला नव्हता, असे तो म्हणाला. शुभ्रवस्त्रधारी गृहस्थांना असा उपदेश केला जात नाही, हे कळल्यावर त्याने विनंती केली की, तो त्यांनाही सांगितला जावा. त्यांच्यातही समजू शकणारे आहेत. दान अपार, परंतु अभ्यास अपुरा, अशी अवस्था आपल्या उपासकांची होऊ नये. बाबासाहेबांनी पाचव्या खंडात गृहस्थांसाठी स्वतंत्र धम्मदीक्षा नसणे ही मोठी उणीव मानली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे ती भरून काढली. दीक्षेनंतरच्या शिक्षणाची उणीव भरून काढणे आपल्याकडे आहे.

इतर प्रयत्नांची नोंद येथे थोडक्यात घेतो. भारतीय बौद्ध महासभेच्या श्रामणेर व बौद्धाचार्य शिबिरांनी संस्कारविधी घरोघरी नेले. त्यांत ग्रंथाभ्यासाचा वाटा वाढावयास हवा. इगतपुरीच्या विपश्यना केंद्राने घरी सकाळ-संध्याकाळ बसण्याची शिस्त लावली. मात्र त्या शिस्तीत सामाजिक दुःखाचा विचार गौण राहतो. १९७९ मध्ये सुरू झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने (आताचा त्रिरत्न बौद्ध महासंघ) धम्ममित्रांचे अभ्यासवर्ग चालविले. त्यांचा पाया गट आणि केंद्र हा असल्याने एकट्या घराला त्यांचा आधार मिळणे कठीण जाते.

आणि खरी परीक्षा एकट्या घराचीच आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात वावरसारखी गावे आहेत. वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी यांच्या या मुलखात एखादे बौद्ध शिक्षकाचे किंवा आरोग्यसेविकेचे कुटुंब नोकरीनिमित्त येऊन राहिले, असे समजा. जवळ विहार नाही, भिक्खू नाहीत, आषाढ-श्रावणात पावसाने वाटा बंद. त्या घरात धम्म किती उरेल? वस्तीच्या सामूहिक वाचनावरच ज्यांचा धम्म उभा आहे, त्यांच्या घरी भिंतीवरील दोन प्रतिमा आणि वर्षातून दोन तारखा एवढेच उरण्याचा धोका आहे. आणि मुलांना तर त्या प्रतिमांचा अर्थही सांगता येणार नाही.

वास्तविक या प्रदेशाचा धम्माशी संबंध प्राचीन आहे. याच जिल्ह्याच्या समुद्रकाठी सोपारा, म्हणजे पालि साहित्यातील सुप्पारक, आहे. तेथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उत्खनित केला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. बाहिय दारुचीरिय सुप्पारकातच राहत होता. सुनापरांताचा पुण्ण हाही, अट्ठकथेनुसार, येथलाच. पुण्णोवादसुत्त सांगते की, पुण्णाने एकाच वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्मात प्रस्थापित केल्या. वर्षावास हा गृहस्थांच्या शिक्षणाचा काळ होता, याचा यापेक्षा जवळचा दाखला कोठे शोधावा?

वावरच्या घरात दुःखावरील प्रकरण वाचले जाईल, तेव्हा आणखी एक कसोटी पुढे येईल. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी परिसरातील कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. त्या भूमीवर बसून दुःख हा शब्द उच्चारणाऱ्याला तो केवळ मनाचा विषय म्हणून वाचता येणार नाही. धम्मपदट्ठकथेत आळवीचा एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी येतो. भगवान त्याला आधी जेवू घालावयास लावतात आणि मगच उपदेश करतात. ही कथा आणि बाबासाहेबांचा आर्यसत्यांविषयीचा प्रश्न एकत्र वाचणाऱ्या कुटुंबाला शेजारच्या पाड्यावरील भूक हा आपल्या अभ्यासाचाच भाग वाटू लागेल. अर्थपरीक्षेतून आचरण निघते ते असे.

म्हणून अशा एकट्या घरालाही पेलेल असा क्रम सुचवितो. वर्षावासात ग्रंथ पूर्ण वाचावा, परंतु प्रस्तावनेपासून. आणि प्रत्येक बैठकीच्या अखेरीस निदान एक प्रश्न वहीत लिहावा. उरलेल्या नऊ महिन्यांत आठवड्याला एकच प्रकरण घ्यावे व त्याच्या शेजारी एक सुत्त ठेवावे. पाचव्या खंडातील गृहस्थांच्या विनयासोबत सिगालोवादसुत्त, परिव्रज्येसोबत अत्तदंडसुत्त, संपत्तीच्या विचारासोबत व्यग्घपज्जसुत्त. वाचन घरातील सर्वांनी पाळीपाळीने करावे. मुलामुलींचा प्रश्न प्रथम घ्यावा. रोज सकाळी वंदनेनंतर दहा मिनिटे आनापानसती. रात्री अंबलट्ठिक-राहुलोवादसुत्तात सांगितल्याप्रमाणे दिवसभराच्या काया-वाचा-मनाच्या कर्मांचे परीक्षण. अशोकाने गृहस्थांसाठी निवडलेल्या सातांपैकी एक सुत्त हेच मानले जाते. पौर्णिमेला उपोसथ आणि त्या दिवशी महिन्याच्या वहीचे पुनर्वाचन. वर्षाखेरीस जवळच्या विहारात किंवा शिबिरात ही वही घेऊन जावे आणि न सुटलेले प्रश्न भिक्खूंपुढे, अभ्यासकांपुढे ठेवावेत. विहारांनीही समारोपाच्या दिवशी खीरदानापूर्वी एक तास या प्रश्नांसाठी राखावा.

हा क्रम परिपूर्ण आहे, असा दावा नाही. उपासक-उपासिकांनी तो तपासावा, बदलावा. मात्र पुढील आषाढ पौर्णिमेला ग्रंथ उघडताना पहिले पान प्रस्तावनेचे असावे आणि वाचकाच्या हाताशी एक कोरी वही असावी, एवढी विनंती आहे.