चुकल्यानंतरचा बॉल

27 मे 2025, लखनौ. समोर 228 धावांचं टार्गेट आणि आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा 49 वर. सतराव्या ओव्हरमध्ये तो दिग्वेश राठीला रिव्हर्स स्वीप मारायला जातो. बॉल हवेत, बॅकवर्ड पॉइंटवर आयुष बदोनीच्या हातात. संपलं. पण रिप्लेत दिसतं की राठीचा मागचा पाय बाजूच्या रेषेला लागलाय. नो बॉल. फ्री हिटवर जितेश सिक्स ठोकतो, फिफ्टी पूर्ण करतो आणि 33 बॉलमध्ये नाबाद 85 करून बेंगळुरूला जिंकून देतो.

21 नोव्हेंबर 2025, दोहा. रायझिंग स्टार्स आशिया कपची सेमीफायनल, भारत अ विरुद्ध बांगलादेश अ. मॅच टाय, सुपर ओव्हर. कॅप्टन जितेश स्वतः स्ट्राइकवर. रिपन मंडलच्या पहिल्याच बॉलवर तो पुन्हा बॅट उलटी फिरवतो. बोल्ड. पुढच्या बॉलवर आशुतोष शर्माही आउट. भारत अ शून्यावर, मॅच गेली.

मे महिन्यात आमच्या ग्रुपवर मेसेज होता, ‘वाघ हाय आपला!’ नोव्हेंबरमध्ये त्याच ग्रुपवर, ‘काहून मारला बे असा?’ मेसेज करणारे तेच, मीही त्यांच्यात होतो. फटका एकाच जातीचा. एकदा कॅच झालेला बॉल नो बॉल निघाला, एकदा नाही निघाला, एवढाच फरक. आणि तेवढ्यावर आम्ही एकाला धाडस म्हटलं, दुसऱ्याला मूर्खपणा.

तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न आहे. खेळाडू चुकतो, सगळ्यांसमोर चुकतो, त्यानंतर तो परत उभा कसा राहतो? आणि आपण ज्या गोष्टी बघत-ऐकत वाढलो, त्यांनी याबद्दल आपल्याला काय शिकवलं?

माझ्या पिढीनं खेळ मैदानाइतकाच सिनेमात बघितला. ‘लगान’ (2001) आठवा. लाखा कॅच सोडतो. का? हात घसरला म्हणून नाही, तो इंग्रजांना फितूर आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी तो झेप घेऊन कॅच पकडतो आणि शुद्ध होतो. ‘इक्बाल’ (2005) मध्ये पोरगा खराब बोलिंग करतो, कारण घरची जमीन वाचवायला त्यानं तसा सौदा केलेला असतो. ‘चक दे! इंडिया’ (2007) मध्ये कबीर खानचा पेनल्टी स्ट्रोक खरोखर चुकतो, पण देश लगेच त्याला गद्दार ठरवतो.

तीन लाडके सिनेमे. दोघांत चूक म्हणजे गद्दारी किंवा सौदा, तिसऱ्यात प्रामाणिक चुकीवरही गद्दारीचाच शिक्का. साधी चूक, म्हणजे बॉल जरा जास्त आत आला, पाय जरा उशिरा हलला, अशी चूक या गोष्टींना पुरतच नाही. तिला नैतिक अर्थ लागतो. अर्थ लागला की प्रायश्चित्त आलं, प्रायश्चित्त आलं की क्लायमॅक्स आला.

‘चक दे’ मला आवडतो, आजही. पण त्यातली सर्वांत मोठी पळवाट कुठे आहे? कबीर खान घर सोडून जातो आणि सिनेमा थेट सात वर्षं पुढे उडी मारतो. दाढीवाला शाहरुख कोच व्हायला तयार. त्या सात वर्षांत तो सकाळी उठून काय करत होता? हॉकी स्टिक हातात घेत होता की माळ्यावर टाकली होती? तो स्ट्रोक त्यानं मनात किती वेळा परत मारला, आणि प्रत्येक वेळी कुठल्या कोपऱ्यात? हेच तर कळायला हवं होतं. चुकून आउट झालेल्या पोराला क्लायमॅक्सचा काही उपयोग नाही, त्याला ती मधली सात वर्षं काढायची असतात.

सिनेमानं गाळलेल्या या जागेत क्रिकेटवाले एक वाक्य टाकतात, ‘विसर, नेक्स्ट बॉल.’ हे वाक्य बोलरला चालतं, कीपरला चालतं. त्यांना खरंच पुढचा बॉल मिळतो. बॅट्समन चुकला की त्याला मिळतो पॅव्हेलियनचा रस्ता. त्याचा पुढचा बॉल आठवड्यानं येईल, महिन्यानं येईल, कधी येणारही नाही. जितेशला मुंबईनं 2016 मध्ये घेतलं होतं, पण दोन सीझन बसूनच गेले. आयपीएलची पहिली मॅच त्याला मिळाली 2022 मध्ये, पंजाबकडून. ‘नेक्स्ट बॉल’ सहा वर्षांनी आला.

विसरायचंच असतं का, याचीही मला शंका आहे. अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅककडे बघा. टीमचा बहुतेक प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो, आणि त्याचा पास समोरच्यानं हवेतच पळवला की त्याला इंटरसेप्शन म्हणतात. 5 फेब्रुवारी 2017 च्या सुपर बोलमध्ये टॉम ब्रेडीचा पास अटलांटाच्या रॉबर्ट आल्फर्डनं पकडला आणि 82 यार्ड पळत टचडाउन केला. पुढे स्कोअर 28-3 झाला. ब्रेडीची टीम ती मॅच ओव्हरटाइममध्ये 34-28 अशी जिंकली. सांगताना लोक सांगतात, महान खेळाडूची मेमरी छोटी असते. पण बाजूला बेंचवर काय चालतं ते बघा. क्वार्टरबॅक बाहेर आला की त्याच्या हातात टॅबलेट येतो. त्यावर नुकत्याच झालेल्या डावाचे फोटो. कोण कुठे उभा होता, मला कोण दिसला नाही. विसरणं सोडाच, तो चुकीकडे डोळे फाडून बघत असतो. फक्त तिला तिच्याच मापाचं नाव देतो. ‘डावीकडचा माणूस दिसला नाही.’ बस. ‘मी खराब आहे’ असं नाव देत नाही.

ब्रेट फार्व्ह नावाच्या क्वार्टरबॅकच्या नावावर 508 टचडाउन पास आहेत आणि 336 इंटरसेप्शन. त्या लीगच्या इतिहासात इतके इंटरसेप्शन दुसऱ्या कुणाचेच नाहीत. दोन्ही आकडे एकाच हातानं केलेत. 336 पुसायला गेलात तर 508 मधले किती उरतील? जितेशचा रिव्हर्स स्वीप तसाच आहे. दोह्याचा बोल्ड नको असेल, तर लखनौचे 85 पण परत करावे लागतील.

याचा अर्थ चुकीला चूक म्हणायचं नाही असा नाही. सुपर ओव्हरच्या पहिल्या बॉलला, यॉर्कर येणार हे माहीत असताना तो फटका निवडणं मला आजही चुकीचं वाटतं. वैभव सूर्यवंशीला न पाठवण्यावरही बोलता येईल. पण ती निवडीची चूक आहे, माणसाची नाही. मॅचनंतर जितेशनं सीनियर म्हणून जबाबदारी स्वतःवर घेतली. मला ते त्या ग्रुपवरच्या आमच्या सगळ्या मेसेजपेक्षा नेमकं वाटलं.

हा फरक मला उशिरा कळला. मी अकोल्याचा. पंधरा वर्षांचा असताना एका निवड चाचणीत मला दहा-बारा बॉल मिळाले. तिसऱ्यावर स्वीप मारायला गेलो, बोल्ड. बॉल स्वीपचा नव्हता, फार पुढे पडला होता. चूक एवढीच होती. पण घरी येताना मी तिला नाव दिलं, ‘आपल्याले स्वीप येतच नाही.’ पुढची दोन वर्षं मी स्वीप मारला नाही. नंतर क्रिकेटच सुटलं. नागपूरपासून दूरच्या गावांत असं होतं. इथे चाचणी वर्षातून एखादी, त्यामुळे एक चूक म्हणजे आख्खा निकाल वाटतो.

अकोल्याच्याच अथर्व तायडेचं उदाहरण म्हणून मला धरून ठेवावंसं वाटतं. 17 मे 2023 ला धरमशालेत दिल्लीविरुद्ध तो 42 बॉलमध्ये 55 वर असताना ‘रिटायर्ड आउट’ होऊन परत आला. तू आउट झाला नाहीस, तरी जागा रिकामी कर. स्कोअरकार्डवर ना बोलरचं नाव, ना फील्डरचं. याहून विचित्र अपमान क्रिकेटमध्ये कमी असतील. जानेवारी 2026 मध्ये विदर्भानं पहिल्यांदा विजय हजारे ट्रॉफी जिंकली, त्या फायनलमध्ये तायडेचे 128 होते. पण या दोन तारखा जोडून मी कमबॅकची गोष्ट करणार नाही. ती सिनेमाची सवय झाली. मला दिसतात ती मधली अडीच-पावणेतीन वर्षं, डोमेस्टिकच्या मॅच, नेट, आउट होणं, परत जाणं.

जितेशची गोष्ट तर क्लायमॅक्सला पोचलेलीच नाही. दोह्यानंतर महिन्याभरात, 20 डिसेंबरला, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपचा संघ जाहीर झाला. त्यात त्याचं नाव नव्हतं. ‘लगान’च्या हिशेबानं ही गोष्ट अपुरी आहे. माझ्या हिशेबानं इथूनच तिच्यात काहीतरी आहे. आता कॅमेरे नाहीत, सिक्स मारून शुद्ध होण्याची सोय नाही, आणि बॅट तरी उचलायची आहे.

कुणीतरी एक सिनेमा असा काढावा, ज्यात पोरगा पहिल्या दहा मिनिटांत बोल्ड होतो आणि उरलेले दोन तास फक्त पुढच्या बॉलची वाट बघतो. शेवटी तो बॉल येतो, आणि तो परत रिव्हर्स स्वीप मारायला वाकतो. पुढे काय झालं ते नाही दाखवलं तरी चालेल.