ऐक्य कशासाठी?

रिपब्लिकन पक्षाचा विषय निघाला की आपण एकच रडगाणं गातो : गटबाजी झाली, ऐक्य झालं नाही. अहो, ऐक्य झालं होतं की! १९९८ची लोकसभा आठवा. प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले, जोगेंद्र कवाडे, चौघेही निवडून आले, आणि तेही खुल्या मतदारसंघांतून. काँग्रेसची साथ होती, हे मान्य. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत चौघांची तोंडं पुन्हा वेगवेगळ्या दिशांना! कारण त्या ऐक्याला जागावाटपापलीकडे कामच नव्हतं.

आता उलटं उदाहरण घ्या. ३ ऑक्टोबर १९५७ला नागपुरात पक्ष स्थापन झाला आणि दोनेक वर्षांतच फुटला. वाद कशावरून? दादासाहेब गायकवाड भूमिहीनांसाठी जमीन मागत होते, बी. सी. कांबळे यांच्या गटाला त्यात कम्युनिस्टांची वाट दिसली. आपला मार्ग घटनेचा, असं त्यांचं म्हणणं. पण बाबासाहेबांनीच १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं. पुढच्याच वर्षी त्यासाठी कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. त्यात महार होते, कुणबीही होते. जमिनीचा प्रश्न पक्षाला परका कधीच नव्हता.

म्हणून तर फुटलेल्या पक्षानेही ६ डिसेंबर १९६४ला देशव्यापी सत्याग्रह उभा केला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, धान्याचे भाव आवरा, धर्मांतरित बौद्धांना सवलती द्या, अशा मागण्या होत्या. लाखो माणसं तुरुंगात गेली, बायका कडेवर पोरं घेऊन गेल्या.

माझी टीका दादासाहेबांवरही आहे. एवढी ताकद उभी करून १९६७मध्ये पक्ष काँग्रेसशी समझोता करून बसला. तुरुंग भरणाऱ्यांच्या पदरात काय पडलं? पुढे १९७२मध्ये दलित पँथर निघाली, त्यामागे हा रागही होताच.

आज मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या नावावर सातबारा नाही. तेव्हा 'नेत्यांनो, एक व्हा' एवढंच म्हणून थांबू नका. एक होऊन पहिलं काम कोणतं करणार, हे त्यांना विचारा. उत्तरात फक्त मतदारसंघांची नावं आली, तर ते ऐक्य किती दिवस टिकेल, ते तुम्हीच ओळखा.